शिवाण्णाच्या इंजिनाचा पीळ

त्या उन्हाळ्यात आमच्या दुकानात भांडी विकत घेणाऱ्यांपेक्षा मोडीत घालायला येणारी माणसंच जास्त होती. मुरुड, औसा, रेणापूर या बाजूंची माणसं सकाळच्या एस्टीनं लातूरला उतरायची, डोक्यावरचं गाठोडं आमच्या पायरीवर ठेवायची आणि त्यातून तांब्याचे हंडे, पितळी पराती, समया बाहेर काढायची. बरोबरच्या बायका तेवढा वेळ पाठ फिरवून रस्त्याकडे बघत राहायच्या. विहिरी आटल्या होत्या, हंड्यांना घरात काम उरलं नव्हतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, भांडं काट्यावर ठेवण्याआधी त्याच्या काठावर कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवायचे. का फिरवायचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की लाकडी मोगरी घेऊन ते त्या हंड्यांचे पोचे काढत बसायचे. दुकानामागं एक अंधारा बोळ होता आणि बोळापलीकडे आमचं घर. घरात अव्वा, म्हणजे आई, भाकरी थापायची, तिकडं अप्पांची मोगरी चालायची, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरात असे दोन आवाज असतात.

गाव मात्र वेगळ्याच तोऱ्यात होतं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पेंटर लोकांना फुरसत नव्हती. गोलाईतल्या दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून तिथं ‘जि. लातूर’ रंगवणं चाललं होतं. भाड्याच्या घरांत नवी ऑफिसं बसली होती, साहेबांच्या जीपा धुरळा उडवत हिंडायच्या. आणि त्याच धुरळ्यातून आम्ही पोरी घागरी घेऊन टँकरमागं पळायचो. टँकरचा हॉर्न वाजला की शाळेचं, जेवणाचं, कशाचंच भान राहायचं नाही. पुढं खूप वर्षांनी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी पुण्यात मुलाच्या घरी टीव्हीसमोर बसले होते. सून म्हणाली, “आई, तुमचं लातूर दाखवतायत.” मी बघितलं. पण मला दुसरीच गाडी आठवत होती, टिचभर इंजिनाची, जिच्याबद्दल मी घरात कधी कुणाशी बोलले नाही.

शिवकुमार माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला शिवाण्णा म्हणायचो. दहावी झाल्यावर त्यानं दुकानाच्या गादीवर बसावं असं अप्पांचं ठरलेलं होतं, आणि त्यानं नांदेडला पॉलिटेक्निकला नाव घालायचं ठरवलं होतं. भांडण मोठ्यानं झालं नाही. आमच्याकडे मोठ्यानं काहीच होत नसे. अप्पा एवढंच म्हणाले, “जा. पण मला इचारून गेलास असं कुणाला सांगू नको.” त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. सुटीत शिवाण्णा घरी आला की एकाच पंगतीला बसून ते माझ्या तोंडून बोलायचे. “सुमे, इचार तुझ्या भावाला, आमटी वाढू का.” “सुमे, सांग अप्पाला, बास झालं.” आमटीची वाटी दोघांच्या मधे असायची. अव्वा त्रासून म्हणायची, “पोरीच्या तोंडाला फेस यायलाय की वो, जरा तुमी तुमचं बोला.” पण कुणी ऐकत नव्हतं. मला त्या वेळी त्याचं दुःखही वाटायचं नाही, उलट आपण महत्त्वाच्या आहोत असं वाटायचं.

शिवाण्णाजवळ एक खोका होता. आमचे मामा हैदराबादला नोकरीला होते. तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात त्यांना तो मिळाला होता. कुणी परदेशी साहेब घर आवरून गेला, त्याच्या सामानातला. खोक्याच्या झाकणावर वाफेच्या इंजिनाचं चित्र होतं आणि आत त्याच इंजिनाचे सुटे भाग, पांढऱ्या धातूचे, ओतलेले, एकेक कागदात गुंडाळलेले. सगळे जोडले की हातभराहून लहान असं इंजिन व्हायचं होतं. शिवाण्णा प्रत्येक सुटीत थोडं थोडं काम करायचा. भाग कानशीनं घासायचा, बोटाच्या पेरावर ठेवून त्यावर फुंकर मारायचा. माहितीचे कागद इंग्रजीत होते, ते तो मला वाचून दाखवायचा आणि मराठीत सांगायचा, जणू मलाही परीक्षा द्यायची आहे. धूर निघायचं नळकांडं, वाफेची टाकी, ड्रायव्हरची खोली, सगळं तयार होतं. राहिलं होतं ते ज्याच्यावर सगळं बसायचं तेच. त्याला तो फ्रेम म्हणायचा. लांबट, चपटी, दोन्ही बाजूंना चाकांच्या दांड्यांसाठी खाचा असलेली. ती मुळातच फिरलेली होती. तिच्यात चाकं बसवली की एका कोपऱ्यातलं चाक जमिनीला टेकायचंच नाही, अधांतरी राहायचं. तो ते चाक बोटानं फिरवायचा आणि म्हणायचा, “हे बघ सुमे, हे एकटंच सुटीवर हाय.”

त्या उन्हाळ्यात तो नांदेडहून आला तो डोळे पिवळे घेऊनच. होस्टेलात पाण्याचे हाल होते, मिळेल तिथलं पाणी पोरं पीत होती. एस्टीतून उतरून घरापर्यंत चालत आला आणि ओसरीवर बसकण मारली. अव्वानं त्याची पापणी खाली ओढून बघितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “अप्पाला बोलीव.” डॉक्टर येऊन गेले. कावीळ आहे, विश्रांती घ्या, तेलकट नको, पाणी उकळून द्या. शेजारणींनी सांगितलं म्हणून अव्वा मुरुडजवळच्या एका बाईकडून औषधी मुळ्यांची माळही घेऊन आली. शिवाण्णानं ती गळ्यात घालून घेतली, लिंगाच्या चांदीच्या करंडीशेजारी. म्हणाला, “घालतो, अव्वाला बरं वाटंल.” त्याच्यासाठी आमच्या घरातली हळद बंद झाली, फोडणी बंद झाली. अव्वा त्याला कण्या आणि पातळ ताक द्यायची. मग आम्ही सगळेच तसलं फिकं जेवू लागलो, कारण फोडणीचा वास त्याला सहन होत नव्हता. उसाचा रस द्या असं जो तो सांगायचा. ऊस कुठं होता? अप्पा एकदा सकाळी सायकल घेऊन बाहेर पडले आणि दिवस कलल्यावर दोन वाळकी कांडकी घेऊन आले. कुठून आणली ते सांगितलं नाही. “सुमे, दे तुझ्या भावाला,” म्हणाले आणि दुकानात गेले.

आठवडाभर पडून राहिल्यावर त्याला जरा हुशारी वाटली. एका दुपारी म्हणाला, “सुमे, खोका काढ.” मी खाटेशेजारी खाली बसले आणि तो सांगेल तसं करू लागले. त्याच्या हातात जोर नव्हता, म्हणून फ्रेम मी धरली. दोन्ही टोकं दोन मुठींत घेऊन उलटा पीळ द्यायचा, असं तो म्हणाला, पण हळू. मी जरा जोर लावला आणि धातू कुरकुरला. त्याच वेळी बोळातून अप्पा आले. ऊन एवढं होतं की दुकानाची फळी लावून ते आडवं व्हायला घरी आले होते. ते दारातच थांबले.

“थांब पोरी, मोडशील.”

मी थांबले. त्यांनी पुढं होऊन फ्रेम माझ्या हातातून घेतली आणि डोळ्यासमोर आडवी धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघितलं, हंड्याचा काठ बघायचे तसं.

“इचार तुझ्या भावाला, वाकडी कशानं झाली ही?”

“सांग अप्पाला, वाकडी न्हाई. पीळ पडलाय. वाकडं एका अंगाला असतं, हे दोन्ही टोकं उलटी फिरलेत.”

अप्पा खाटेच्या पायथ्याशी बसले. मला आठवतं, मी दोघांच्या मधे होते आणि माझ्या लक्षात आलं की अप्पांनी पुढचं वाक्य माझ्याकडे बघून बोललेलं नाही.

“चटका द्यावा लागंल,” ते म्हणाले. “ऊब लागल्याबिगर धातू ऐकत न्हाई.”

“नको अप्पा. हा कच्चा धातू हाय, शिशाकथलाचा. लगेच वितळंल. पाण्यानं गरम करायची असं कागदात दिलंय.”

“जिंदगी भांड्यात गेली माझी,” अप्पा म्हणाले. ते रागानं बोलले नाहीत. उलट खूप दिवसांनी पोराला काही करून दाखवायचं होतं त्यांना, हे मला आता कळतं. त्यांनी स्टोव्ह पेटवला, सांडशीत फ्रेम धरली आणि ज्योतीवरून फिरवू लागले. तांब्यापितळेला सवकलेला हात होता तो. एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीला फ्रेमचा एक कोपरा चमकला, जड झाला आणि टपकन खाली पडला. शहाबादी फरशीवर एक गोल, आरशासारखा थेंब. अप्पांनी स्टोव्ह बंद केला. बाहेर रस्त्यावरच्या रसवंतीच्या बंद गाड्याची ताडपत्री फडफडत होती.

“चुकलं रे माझं,” अप्पा म्हणाले.

मी अप्पांच्या तोंडून ते शब्द त्याआधी ऐकले नव्हते. शिवाण्णानंही नसावेत. तो उशीवरून उठून बसला. मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार, दोन वर्षांचं साठलेलं. तो हसला. डोळे पिवळेजर्द, ओठ फाटलेले, आणि हसतोय.

“असू द्या अप्पा. आधी तरी कुठं सरळ होती?”

अव्वा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती उदगीरकडची, मन हललं की तिच्या तोंडून कानडी यायचं. “होगली बिड्री,” ती म्हणाली. जाऊ द्या. मग मराठीत म्हणाली, “आता कागदात काय दिलंय ते तरी करा.”

कागदात गरम पाणी दिलं होतं. फ्रेम बुडेल एवढं, चांगलं उकळलेलं. घरात त्या दिवशी शिवाण्णाच्या पिण्याचं पाणी होतं, दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाचं होतं, आणि न्हाणीत अव्वानं स्वतःच्या आंघोळीसाठी राखलेली अर्धी बादली होती. टँकर दोन दिवस आला नव्हता. अप्पा उठून न्हाणीपर्यंत गेले आणि तसेच परत आले. “खेळण्यापायी कुठं पाणी घालवायचं,” असं काहीतरी पुटपुटले.  अव्वानं ती बादली उचलली, पातेल्यात ओतली आणि पातेलं स्टोव्हवर ठेवलं.

मग जे झालं ते मला अजून तसंच्या तसं दिसतं. दुकानातल्या काउंटरची काच अप्पा काढून घेऊन आले आणि ती फरशीवर आडवी घातली. वाफाळलेल्या पाण्यातून सांडशीनं फ्रेम काढायची, फडक्यात धरून काचेवर ठेवायची, अप्पांनी एक टोक दाबायचं, मी दुसरं, आणि शिवाण्णानं खाटेवरून वाकून फ्रेमखालच्या फटीकडे बघत सांगायचं. “अप्पा, तुमच्याकडनं जरा सोडा. सुमे, तू दाब. बास. बास. आता गार होऊ द्या.” गार झाली की पुन्हा पाण्यात. प्रत्येक खेपेला फट थोडी मिटायची. अप्पा पोराचं ऐकत होते. “आता?” असं विचारत होते, आणि तो “अजून जरा” म्हणत होता, आणि मधे मी नव्हते. वितळलेल्या कोपऱ्यासाठी अप्पांनी मोडीतल्या एका फुटक्या परातीचा पातळ तुकडा कात्रीनं कापला, घासून बसता केला, आणि दोन नळ्यांतलं डिंकासारखं औषध कालवून तो चिकटवला. पांढऱ्या फ्रेमला एका कोपऱ्यात पिवळं ठिगळ. शिवाण्णा म्हणाला, “माझ्यासारखीच झाली की, कावीळ झालेली.” अप्पा हसले नाहीत, पण त्यांनी त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी चिकटवलेलं वाळल्यावर चाकं बसवली. काचेवर ठेवली. शिवाण्णानं चारी कोपऱ्यांखालून कागदाचा कपटा सारून बघितला. कुठंच गेला नाही. “टेकली अप्पा,” तो म्हणाला. तेवढंच. ते पातेल्यातलं पाणी अव्वानं वाया घालवलं नाही, त्यात तिनं त्याचे पंचे धुतले.

मला वाटलं होतं, आता तो बरा होईल. अप्पा दोन्ही वेळेला त्याच्या खाटेशी बसून जेवू लागले होते. नांदेडच्या वर्कशॉपात काय शिकवतात, लेथ म्हणजे काय, असलं विचारायचे आणि त्यानं सांगितलेलं निम्मं न कळता मान हलवायचे. अव्वा स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भाकरी तव्यावर करपायची. पण तीन-चार दिवसांत त्याची झोप वाढली. दिवसाही जागा राहीना. मला एकदा ‘अव्वा’ म्हणून हाक मारली त्यानं. डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच सरकारी दवाखान्यात हलवायला सांगितलं. तिथले डॉक्टर चांगले होते, तरुण होते, त्यांनी जे करता येईल ते केलं आणि अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की सोलापूरला न्या, पण आशा ठेवू नका. गाडी ठरेपर्यंत आम्ही त्याच्याजवळ होतो. मधेच त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, “अप्पा, दुकान उघडलं का?” त्यानं जन्मात कधी दुकानाची चौकशी केली नव्हती. फळी लावलेलीच होती, त्याची झोप वाढल्यापासून अप्पा तिकडं फिरकलेच नव्हते. पण ते म्हणाले, “उघडलंय बाबा. गिऱ्हाईक हाय भरपूर.” तो “बरं” म्हणाला. सोलापूरची गाडी आली तेव्हा तिचा उपयोग राहिला नव्हता.

आमच्यात माणसाला बसवून समाधी देतात. रुद्राक्ष, विभूती, तळहातावर लिंग. जंगमस्वामी आले, त्यांनी सगळं रीतीनं केलं. जमीन एवढी कोरडी होती की खड्डा खणणाऱ्यांची पहार ठिणग्या काढत होती असं चुलते नंतर सांगत. मी बायकांबरोबर घरी होते. अप्पा परत आले आणि अंगावरच्या मातीसह तसेच ओसरीवर बसून राहिले, कारण आंघोळीला पाणी शेजाऱ्यांकडून यायचं होतं. अव्वा बोलायचीच थांबली. रडायची नाही, ओरडायची नाही. विचारलं तर मान हलवायची. भाकरी थापायची, आमच्यापुढं ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. दुकान उघडलं, पण मोगरीचा आवाज येत नव्हता. पोचे असलेले हंडे तसेच एकावर एक पडून राहिले. घरात आता कुणीच कुणाशी बोलत नव्हतं आणि निरोप सांगायला कुणी मला हाकही मारत नव्हतं. मी शाळेत जायची, यायची. वाटायचं, घरी कुणाला मी दिसतच नाही.

पाऊस नावापुरता पडून गेला होता तेव्हा एक मुलगा आमचं घर शोधत आला. माधव त्याचं नाव, किनवटचा, शिवाण्णाच्या होस्टेलातला खोलीमित्र. नांदेडहून एस्टीच्या टपावर घालून तो शिवाण्णाची ट्रंक घेऊन आला होता. हडकुळा, काळासावळा, बोलताना खाली बघणारा. अप्पांनी त्याला बसायला सांगितलं. त्यानं पाणी मागितलं नाही, मी दिलं तेव्हा अर्धंच प्यायला. ट्रंकेत कपडे होते, पुस्तकं होती. ती बाहेर काढून ठेवल्यावर तळाशी जुन्या लुंगीत गुंडाळलेलं काहीतरी निघालं. माधव म्हणाला, “काका, हे त्यानं वर्कशॉपात बसून केलतं. सर ओरडायचे, तरी करायचा. घरी कुणाला सांगू नको म्हणला होता. सगळं झाल्यावर आणून दाखवणार होता.”

ते रूळ होते. पितळेच्या पातळ पट्ट्या, खाली सागवानी लाकडाचे बोटाएवढे आडवे तुकडे. लाकूड माधवनंच किनवटहून आणून दिलं होतं. हात हात लांबीचे सरळ तुकडे, एकात एक अडकणारे. अप्पा बराच वेळ एक तुकडा हातात घेऊन बसले. पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “सुमे, खोका आण.”

माधवनं ओसरीवर रूळ मांडले. एका भिंतीपासून सुरू झाले आणि दाराच्या अलीकडे संपले. तेवढेच झाले होते. अप्पांनी फ्रेम काढली, पिवळ्या ठिगळाची, नुसती चाकं बसवलेली, वर काही नसलेली. गुडघ्यावर बसून त्यांनी ती रुळांवर ठेवली. चाक एकदा खाली घसरलं, पुन्हा ठेवलं. मग बोटानं हलकेच ढकलली. ती निघाली. बारीकसा खडखड आवाज करत, न डुगडुगता, न उतरता, सगळी ओसरी ओलांडून गेली आणि रूळ संपले तिथं माधवनं तळहात लावून धरली.

“सरळ गेली गं,” अप्पा म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. आणि त्यांनी फरशीवर कपाळ टेकलं आणि ते रडू लागले. दवाखान्यात रडले नव्हते, समाधीपाशी रडले नव्हते. माधव फ्रेम हातात घेऊन तसाच उभा होता.

आतून अव्वा बाहेर आली. पीठ लागलेले हात पदराला पुसत ती अप्पांच्या शेजारी खाली बसली. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या पोराकडे बघितलं, रुळांकडे बघितलं. आणि कितीतरी दिवसांनी मी तिचा आवाज ऐकला.

“मला दिसली न्हाई,” ती म्हणाली. “अजून एकदा सोडा.”